पाळीव प्राण्यांची नखे कापण्याची सुरक्षित साधने : निवड, वापर आणि निगा

पुण्यातील पाळीव कुत्री आणि मांजरे आता बहुतांशी फ्लॅटमध्ये वाढतात आणि त्यांचा दिवस गुळगुळीत टाइल्सच्या फरशीवर जातो. या फरशीवर नख झिजत नाही. रोज तळजाईच्या किंवा वेताळ टेकडीच्या मुरमाड वाटेवर फिरणाऱ्या कुत्र्याची पुढची नखे बरीचशी आपोआप घासली जातात. परंतु पावसाळ्यात फिरणे कमी होते, वाटही मऊ होते आणि त्या चार महिन्यांत टेकडीवरच्या कुत्र्यांचीही नखे वाढतात. कुत्रा घरात चालताना फरशीवर टकटक आवाज येऊ लागला, की नखे कापण्याची वेळ झाली असे समजावे. वाढलेल्या नखांमुळे प्राण्याला पाऊल नीट टेकवता येत नाही, फरशीवर पाय घसरतो आणि वय झालेल्या कुत्र्याच्या सांध्यांवर त्याचा ताण येतो. पायाच्या आतल्या बाजूला वर असणारे अंगठ्याचे नख तर जमिनीला टेकतच नाही, त्यामुळे ते गोल वळत जाते आणि दुर्लक्ष झाल्यास कातडीत रुतून जखम करते.

घरी नखे कापण्याची भीती अनेकांना वाटते आणि ती अगदीच निराधार नाही. मात्र प्राण्याला होणाऱ्या त्रासाचे मोठे कारण मालकाचा थरथरणारा हात नसून चुकीचे किंवा बोथट साधन असते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून या लेखात साधनाला सर्वाधिक जागा दिली आहे.

नखाची रचना आणि साधनाचा संबंध

कुत्र्या-मांजरांच्या नखाचे बाहेरचे कवच केराटिनचे असते आणि त्याच्या आत रक्तवाहिनी व मज्जातंतू असलेला जिवंत गाभा असतो. कवच कापल्याने काहीच दुखत नाही. गाभा कापला गेला तर तीव्र वेदना होतात आणि रक्त येते. पांढऱ्या नखात हा गाभा गुलाबी रंगाचा दिसतो. आपल्याकडील अनेक गावठी कुत्र्यांची आणि बऱ्याच लॅब्राडॉरची नखे मात्र काळी असतात व त्यांत गाभा बाहेरून दिसत नाही.

साधन निवडताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. माणसाचे नख चपटे असते, म्हणून आपल्या नेलकटरची पाती रुंद आणि सपाट असतात. कुत्र्याचे नख जाड व गोलसर, तर मांजराचे दोन्ही बाजूंनी दबलेले आणि आकड्यासारखे वळलेले असते. असे नख आपल्या नेलकटरमध्ये धरले की ते कापले जाण्याआधी चेपले जाते, आतल्या गाभ्यावर दाब येतो आणि नख उभे चिरते. त्या चिरेत माती अडकते, कधी संसर्ग होतो, आणि पुढच्या वेळी प्राणी पंजाला हातसुद्धा लावू देत नाही. काही आठवड्यांच्या पिल्लांची नखे कागदासारखी पातळ असतात. त्यांच्या टोकापुरते आपले नेलकटर चालून जाते. त्यापुढे ते वापरू नये.

कोणते साधन कोणासाठी

बाजारात प्रामुख्याने चार प्रकारची साधने मिळतात. मांजर, ससा आणि पिंजऱ्यातील पक्षी यांच्यासाठी छोटी कात्री असते, जिच्या दोन्ही पात्यांना अर्धगोल खाच दिलेली असते. नख या खाचेत बसते आणि सटकत नाही. बारीक नखासाठी याहून सोपे साधन नाही. मात्र मोठ्या कुत्र्याच्या नखावर ही कात्री चालवली तर पाती फाकतात आणि कात्री कायमची निकामी होते.

दुसरा प्रकार गिलोटिन क्लिपरचा. त्याला एक स्थिर कडे असते, नख त्या कड्यातून घालायचे आणि मूठ दाबली की एक पाते सरकत येऊन नख कापते. लहान व मध्यम कुत्र्यांना तो चांगला चालतो. त्याचे पाते बदलता येते हा त्याचा मोठा गुण आहे, म्हणून विकत घेतानाच सुटी पाती मिळतात का हे दुकानदाराला विचारून घ्यावे. वापरताना पात्याची बाजू नखाच्या टोकाकडे आणि कड्याची बाजू पंजाकडे ठेवावी. उलट धरल्यास अंदाजापेक्षा जास्त नख कापले जाते. मात्र वळून गोल झालेले अंगठ्याचे नख या कड्यात शिरत नाही आणि प्राण्याने ऐनवेळी पाय ओढला तर नख कड्यात अडकून पिळवटते. चुळबुळ करणाऱ्या कुत्र्यासाठी म्हणूनच मी गिलोटिन सुचवत नाही.

तिसरा प्रकार पकडीसारख्या क्लिपरचा असून बागेत फांद्या छाटायच्या कात्रीसारखी त्याची दोन वक्र पाती असतात. मध्यम आणि मोठ्या कुत्र्यांसाठी, आणि नवख्या हातांसाठीही, हाच प्रकार सर्वांत भरवशाचा आहे. नख बाजूने पात्यांत घेता येते, त्यामुळे आपण नेमके कुठे कापतो आहोत ते दिसते. कुत्र्याने पाय ओढलाच तर मूठ सैल सोडताच नख मोकळे होते. आणि मूठ लांब असल्याने जाड नख एका दमात कापता येते. हे शेवटचे महत्त्वाचे आहे, कारण नख अर्धे कापून थांबणे आणि पुन्हा दाबणे यातच चेपण्याचा धोका असतो. क्लिपर कुत्र्याच्या मापाचा असावा. लॅब्राडॉरसाठी घेतलेला मोठा क्लिपर शिह त्झूसारख्या छोट्या कुत्र्याच्या नखाला लावला, तर पात्यांआड अख्खे नख झाकले जाते आणि कापणे अंदाजाने करावे लागते.

या क्लिपरच्या पात्यामागे बहुधा एक छोटी पट्टी असते आणि वेष्टनावर तिचा उल्लेख सुरक्षा-पट्टी म्हणून ठळकपणे केलेला असतो. नख पट्टीला टेकेपर्यंत आत घालून कापले की गाभ्याला धक्का लागत नाही, असा ग्राहकाचा समज होतो. हा समज धोकादायक आहे. गाभ्याची लांबी प्रत्येक कुत्र्यात, आणि एकाच कुत्र्याच्या प्रत्येक नखात, वेगळी असते. नखे फार दिवस कापलेली नसतील तर गाभाही नखाबरोबर पुढे वाढलेला असतो. पट्टीला हे कळत नाही. ती बाजूला वळवून ठेवावी आणि डोळ्यांवर विसंबावे. दिवा बसवलेल्या क्लिपरचेही तसेच आहे. पांढऱ्या नखात गाभा दिव्याशिवायही दिसतो आणि काळ्या नखातून तो प्रकाश आरपार जात नाही, म्हणजे जिथे मदत हवी तिथेच तो दिवा निरुपयोगी ठरतो. त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

चौथे साधन म्हणजे बॅटरीवर चालणारा ग्राइंडर. फिरणाऱ्या टोकावर सँडपेपरचे कडे किंवा खरखरीत दगड बसवलेला असतो आणि तो नख थोडे थोडे घासत नेतो. काळ्या नखांसाठी आणि क्लिपरचा कट् आवाज ऐकून बिथरणाऱ्या कुत्र्यांसाठी हे उत्तम साधन आहे. कापल्यानंतर राहणारी धारदार कडही त्याने गुळगुळीत होते, म्हणून घरात लहान मुले असतील तर त्याचा विशेष उपयोग होतो. मात्र ग्राइंडर निर्धोक आहे असे समजून तो दाबून धरणे चूक आहे. घर्षणाने नख तापते आणि ती उष्णता थेट गाभ्यापर्यंत पोहोचते, म्हणून तो नखाला एक-दोन सेकंद टेकवून उचलावा, दुसऱ्या नखाकडे जावे आणि मग पुन्हा पहिल्याकडे यावे. गती सर्वांत कमी ठेवावी. पॉमेरेनियन, शिह त्झू, पर्शियन मांजर अशा लांब केसांच्या प्राण्यांचे केस फिरत्या टोकात गुंडाळले जातात आणि कातडी ओढली जाते. यावर उपाय म्हणजे जुन्या पातळ नायलॉन मोज्यातून फक्त नखे बाहेर काढावीत आणि केस मोज्याखाली दाबून ठेवावेत. घासताना उडणारी बारीक भुकटी नाकाडोळ्यांत जाते, म्हणून स्वतः मास्क आणि चष्मा लावावा व पंखा बंद ठेवावा. आपले लांब केस बांधून घ्यावेत आणि ओढणी किंवा पदर खोचून घ्यावा.

साधी कानस फक्त शेवटची कड घासण्यापुरती उपयोगी पडते. बोहरी आळीतून आणलेली तार कापायची पक्कड, शिवणकामाची कात्री, किंवा सुपारीचा अडकित्ता यांपैकी काहीही नखांना लावू नये, कारण ही साधने नख आधी चेपतात आणि नंतर तोडतात.

विकत घेताना

कोथरूड, औंध, कॅम्प, विमाननगर अशा कोणत्याही भागातील पाळीव प्राण्यांच्या दुकानात ही साधने मिळतात आणि ऑनलाइनही मागवता येतात. परंतु पहिला क्लिपर दुकानात जाऊन, हातात धरून घेतलेला बरा. मूठ आपल्या पंजात पूर्ण मिटते का आणि ती घसरत नाही ना, हे पाहावे. मग क्लिपर मिटवून उजेडाकडे धरावा. दोन पाती एकमेकांवरून घासून जात असतील तर मधून प्रकाश दिसत नाही. फट दिसली तर तो क्लिपर नख कापणार नाही, चावेल. कागदाची अरुंद पट्टी पात्यांत धरून कापून पाहावी. कड स्वच्छ आली तर धार ठीक आहे, कागद दुमडून पात्यांत अडकला तर दुसरा नग मागावा. पाती स्टेनलेस स्टीलची असावीत, स्प्रिंग उघडी लोंबती नसावी आणि मूठ बंद ठेवणारी कडी घट्ट बसावी. ग्राइंडर घेत असल्यास तो दुकानातच सुरू करून आवाज ऐकावा, कारण कमी गतीवरही जो घरघर करतो तो कुत्रा सहन करत नाही.

कापण्यापूर्वीची तयारी

नवीन साधन घरी आले त्याच दिवशी नखे कापायला बसू नये. पहिले काही दिवस क्लिपर नुसता जमिनीवर ठेवावा, प्राण्याला तो हुंगू द्यावा आणि त्या वेळी आवडीचा खाऊ द्यावा. पुढे पंजा हातात घेऊन एकेक बोट हलकेच दाबण्याची सवय लावावी, मग क्लिपर नखाला नुसता टेकवावा, मग त्याचा आवाज ऐकवावा. ग्राइंडरच्या बाबतीत तो आधी दुसऱ्या खोलीत सुरू करून हळूहळू जवळ आणावा. पिल्लू घरात आल्यापासून ही सवय लावली तर पुढची सारी वर्षे सोपी जातात.

कापण्याची जागा उजेडाची असावी. सकाळची बाल्कनी उत्तम. फरशीवर सतरंजी किंवा योगासनांची मॅट अंथरावी, म्हणजे पाय घसरत नाहीत. घरात दुसरी व्यक्ती असेल तर तिने प्राण्याला कुशीत घेऊन चमच्याने दही किंवा उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे भरवावेत. पीनट बटर देणार असाल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड घटक) नाही याची खात्री करून घ्यावी, कारण ते कुत्र्यांना विषारी असते. रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर, स्वच्छ कापूस आणि गॉजचा तुकडा आधीच हाताशी मांडून ठेवावा. रक्त आल्यावर डबा शोधत फिरण्याची वेळ येऊ नये.

प्रत्यक्ष कापताना

पंजा त्याच्या नैसर्गिक स्थितीत, फार न उचलता, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत बोट धरून स्थिर करावा. बोटांमधील केस बाजूला सारावेत. पांढऱ्या नखात गुलाबी गाभ्यापासून सुमारे 2 मिलिमीटर अंतर सोडून कापावे. क्लिपर नखाच्या खालच्या कडेला साधारण समांतर, तिरका धरावा आणि मूठ एकदाच, ठामपणे मिटावी.

काळ्या नखाच्या बाबतीत घाई अजिबात चालत नाही. टोकाकडून अगदी पातळ चकती कापावी आणि नख वळवून त्याचा कापलेला भाग नीट पाहावा. सुरुवातीला तो कोरडा, पांढुरका आणि खडूसारखा भुसभुशीत दिसतो. आणखी एक चकती काढल्यावर मध्यभागी करडी, किंचित ओलसर आणि चकाकणारी जागा दिसू लागते. काही नखांत ती गडद ठिपक्यासारखी असते. ही गाभ्याची सीमा आहे. इथे थांबावे, नख अजून लांब वाटत असले तरीही. वाढलेले नख एका बैठकीत आखूड करण्याचा मोह टाळावा. दर आठ-दहा दिवसांनी थोडेसे टोक काढत राहिले तर गाभा हळूहळू मागे सरकतो आणि महिना-दोन महिन्यांत नख योग्य लांबीवर येते. त्यानंतर साधारण तीन ते चार आठवड्यांनी एकदा कापणे पुरते. अंगठ्याची नखे प्रत्येक वेळी न विसरता पाहावीत. ती बहुधा पुढच्या पायांना असतात, पण काही कुत्र्यांना मागच्या पायांनाही असतात आणि केसांत लपलेली असतात.

एका दिवशी सगळी नखे संपवलीच पाहिजेत असा नियम नाही. प्राणी ओठ चाटू लागला, जांभया देऊ लागला, अंग ताठ करू लागला, की तो अस्वस्थ झाला आहे हे ओळखून तिथेच थांबावे. कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला दटावणे सर्वांत वाईट. ती त्याने दिलेली सूचना आहे, आणि सूचना देणे बंद केलेला कुत्रा पुढच्या वेळी थेट चावतो.

मांजराची नखे आत ओढलेली असतात. बोटाला वरून अंगठ्याने आणि खालून पंजाच्या मऊ गादीवर तर्जनीने हलके दाबले की नख बाहेर येते. फक्त पारदर्शक आकडा कापावा, गुलाबी त्रिकोणापासून दूर राहावे आणि कात्री अशी धरावी की नख खालून वर कापले जाईल, त्याच्या चपट्या बाजू चेपल्या जाणार नाहीत. मांजर झोपेतून नुकते उठलेले असताना एका वेळी दोन-तीन नखे कापणे पुरेसे आहे. म्हाताऱ्या मांजराची नखे मात्र जाड होऊन गादीत रुतू शकतात, म्हणून ती दर दोन-तीन आठवड्यांनी तपासावीत. सोफा ओरबाडतो म्हणून मांजराची नखे कायमची काढून टाकण्याचा विचार कोणी बोलून दाखवला तर त्याला ठाम विरोध करावा: त्या शस्त्रक्रियेत बोटाचे शेवटचे हाडच कापले जाते. मांजराला काथ्या गुंडाळलेला खांब द्यावा.

सशाला कधीही पाठीवर उताणे पाडू नये. तो घाबरून मागच्या पायांनी जोरात झटका देतो आणि त्या झटक्याने त्याच्या कण्याचे हाड मोडू शकते. टॉवेलात गुंडाळून, मागचा भाग तळहातावर पूर्ण तोलून, एकेक पाय बाहेर काढावा. पक्ष्याला धरताना छातीवर दाब येता कामा नये, कारण पक्ष्यांना श्वासपटल नसते आणि छाती हलली नाही तर त्यांचा श्वास थांबतो. पक्ष्याची नखे शक्यतो पशुवैद्यांकडूनच कापून घ्यावीत.

रक्त आल्यास

गाभा कापला गेल्यास प्राणी ओरडतो, पण अशा वेळी आपण ओरडू नये. चिमूटभर स्टिप्टिक पावडर नखाच्या टोकावर दाबून धरावी आणि दोन-तीन मिनिटे बोट उचलू नये. सारखे उचलून पाहिल्याने धरू लागलेली गुठळी निघते. काही पावडरींत वेदनाशामक म्हणून बेंझोकेन असते, ते मांजरांना अपायकारक ठरते, म्हणून मांजरासाठी घेताना घटक वाचावेत. पावडर नसेल तर कॉर्नफ्लोअर किंवा मैदा दाबावा. दाढीनंतर लावायची तुरटी ओली करून टेकवल्यासही लहान जखमेचे रक्त थांबते, मात्र ती प्राण्याला चाटू देऊ नये. जखमेवर डेटॉलसारखे जंतुनाशक किंवा फिनाइल लावू नये, मांजरांना ते विषारी असते. त्यानंतर तासभर प्राण्याला शांत बसवावे, धावू देऊ नये.

रक्त पंधरा-वीस मिनिटांत थांबले नाही तर तडक पशुवैद्यांकडे जावे. गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिचियासारख्या आजारात रक्तातील प्लेटलेट कमी होतात, आणि नखाच्या एवढ्याशा जखमेतून न थांबणारे रक्त हे कधी कधी त्या आजाराचे पहिले दिसणारे लक्षण असते. या झटापटीत आपल्याला ओरखडा किंवा दात लागला तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि प्राण्याचे लसीकरण झालेले असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

साधनांची निगा

प्रत्येक वापरानंतर पाती ब्रशने साफ करून सर्जिकल स्पिरिटने पुसावीत, पूर्ण कोरडी करावीत आणि सांध्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. ब्लीचच्या पाण्यात पाती बुडवून ठेवल्यास ती गंजतात. जून ते सप्टेंबर या काळात पुण्याच्या हवेत एवढा दमटपणा असतो की बाथरूमच्या फळीवर ठेवलेला क्लिपर डाग धरू लागतो; तो झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत, कोरड्या कपाटात ठेवावा. गंजाचा ठिपका धारेवर आलेला असेल तर तो क्लिपर टाकून द्यावा. चाकू-सुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे तो देऊ नये, कारण सपाट पात्यांसाठी असलेल्या त्याच्या चाकावर वक्र पात्याचा कोन बिघडतो आणि पाती पुन्हा जुळत नाहीत. ग्राइंडरचे सँडपेपरचे कडे गुळगुळीत झाले की बदलावे. झिजलेले कडे घासते कमी आणि तापवते जास्त. घरात दोन प्राणी असतील आणि एकाला गजकर्ण झाले असेल तर त्याचे साधन वेगळे ठेवावे, कारण तो बुरशीचा संसर्ग साधनातून दुसऱ्या प्राण्याला आणि प्राण्याकडून माणसालाही होतो.

काही कामे घरी करू नयेत. नख मुळापासून चिरलेले असेल, गादीत रुतलेले असेल, बोट सुजलेले असेल किंवा प्राणी दोन माणसांनाही आवरत नसेल, तर ते पशुवैद्यांवर सोपवावे. गरज पडल्यास ते गुंगीचे औषध देऊन काम करतात. तोवर वेदना कमी व्हाव्यात म्हणून घरातील माणसांची गोळी देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते आणि आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडांना गंभीर इजा करते.